एक जागा डावखुऱ्यांची

"उघडत नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय!" किल्लीवाले चारचौघांत छातीठोकपणे सांगत. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा! पण हात असा, की नुसतं कुलूप पाहून किल्ली घासायचे. त्यामुळे लेकीला बारावीत अठ्ठ्याहत्तर टक्के पडले आणि वास्तुकलेच्या कॉलेजची यादी एक्क्याऐंशीला बंद होते हे कळलं, तेव्हा घरात रडवेला चेहरा नसलेले ते एकटेच होते.

"तीन टक्के म्हणजे काय गं? मागचं दार असणार कुठेतरी!"

त्यांनी कॉलेजची माहितीपुस्तिका आणली. चौऱ्याऐंशी पानं! बाकीचे पालक पहिली सहा वाचून दमतात. किल्लीवाल्यांनी भिंग लावून शेवटच्या पानावरचा छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला. आणि वाचता वाचता त्यांना नादच लागला.

"अगं, ऐकलंस का! पोहणाऱ्याला पाच गुण जादा! आईबाप तिथेच शिकले असतील तर तीन! जुळ्यांपैकी एकाला प्रवेश मिळाला, तर दुसऱ्याचा विचार आधी!"

"यातलं आपल्याकडे काय आहे?" बायकोनं विचारलं. ती दवाखान्यात नर्स. तिला निदान आधी लागायचं.

"तेच तर शोधतोय!"

"मला पाण्याची भीती वाटते," लेक म्हणाली, "आणि जन्मले मी एकटीच."

पान एकसष्टवर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात ते सापडलं. संस्थापक स्वतः डावखुरे होते, म्हणून त्यांच्या इच्छेनुसार संध्याकाळच्या वर्गात एक जागा डावखुऱ्या अर्जदारासाठी!

"बाबा, मी उजवी आहे."

"आत्ता आहेस. डावखुऱ्यांची चाचणी वीस दिवसांनी आहे!"

"हे खोटं आहे."

"खोटं कसं? येत नसताना येतं म्हटलं तर खोटं. आपण येईपर्यंत शिकायचं!"

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

एकट्या पोरीला जड जाऊ नये म्हणून किल्लीवाल्यांनीही सगळं डाव्या हातानं सुरू केलं. पहिल्याच सकाळी लेकीनं ब्रश नाकपुडीत घातला आणि बाबांनी चहा शर्टाला पाजला. तिसऱ्या दिवशी बायकोनं काचेची भांडी कपाटात कुलूपबंद केली. लेकीचं अक्षर पाहून वाटे, कोंबडी शाईत पाय बुडवून घाईघाईनं बस पकडायला पळालीय!

पाचव्या दिवशी दातांचे डॉक्टर दुकानात आले, लालबुंद होऊन.

"किल्लीवाले! ही काय किल्ली दिलीत? अर्धी आत गेली आणि तिथेच राहिली! बाहेर सात पेशंट गाल धरून उभे!"

"जरा हात बदलून पाहत होतो, डॉक्टर."

"मग मीही उद्या हात बदलून तुमची दाढ काढतो!"

पण दहाव्या दिवसानंतर एक नवल घडलं. लेकीची कोंबडी होती तिथेच होती. किल्लीवाल्यांचा डावा हात मात्र सुटला. किल्ल्या लोण्यासारख्या फिरायला लागल्या. सही करताना वेलांट्या आपोआप वळायच्या. काम थांबवून ते त्या हाताकडे बघत बसायचे. हा पाहुणा इतकी वर्षं होता कुठे?

चाचणीच्या दिवशी वर्गात चौदा अर्जदार. चौदाही जीभ बाहेर काढून डाव्या हातानं लिहितायत! एकाच्या कोपरानं दुसऱ्याची पाण्याची बाटली पाडली, ती उचलताना तिसऱ्याचं लिहायचं पॅड पडलं. दारातून पालक पाहत होते. परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणजे चष्म्याला दोरी बांधलेल्या, आवाजाला धार लावलेल्या. त्यांनी शांतपणे खडूंचा डबा उचलला.

"आता मी एकेक खडू फेकणार आहे. झेला."

चौदा चेहरे पांढरे पडले. तेवढ्यात किल्लीवाल्यांची लेक उभी राहिली.

"बाई, माझ्याकडे नका फेकू. मी उजवी आहे."

दारात किल्लीवाल्यांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण ते पुढे आले.

"चूक माझी आहे, बाई. ती पहिल्या दिवसापासून नको म्हणत होती."

"मग अर्ज मागे घेतल्याची सही करा."

त्यांनी मान खाली घालून, सवयीनं डाव्याच हातानं सही केली. बाईंनी कागद उचलला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ही सही नुसत्या सरावाची नाही. तुम्ही डावखुरे आहात?"

"छे! मी जन्माचा उजवा!"

"घरी वडीलधारं कुणी आहे? विचारा."

किल्लीवाल्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. ताईला ऐकू कमी यायचं, म्हणून ती जगाला ऐकू जाईल असं बोलायची.

"अरे, डावखुराच होतास तू! पहिलीत मास्तरांनी महिनाभर तुझा हात बाकाला बांधून ठेवला होता! किती रडायचास! आज का विचारतोयस?"

किल्लीवाल्यांनी फोन ठेवला. त्यांनी डावा हात खिशात घातला, मग बाहेर काढला. कुठे ठेवावा तेच कळेना. लेकीनं तो हळूच आपल्या हातात घेतला.

"बारावी पास आहात?" बाईंनी विचारलं.

"आहे. पण बाई, माझं वय सत्तेचाळीस!"

"वयाची अट आहे कुठे? पान एकसष्ट वाचलंत ना?"

वाचलं होतं. भिंग लावून वाचलं होतं. फक्त लेकीसाठी वाचलं होतं.

उरलेल्या तेरा जणांनी तेरा खडू उजव्या हातानं झेलले, त्यामुळे जागा कुणाची यावर वाद उरला नाही. इकडे सकाळच्या वर्गाची यादी घसरत घसरत तिसऱ्या फेरीत अठ्ठ्याहत्तरावर आली आणि लेक स्वतःच्या गुणांवर आत गेली. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, "कॉलेजात मला ओळख दाखवायची नाही!"

महिन्याभरानं पहिल्या चाचणीचा निकाल लागला. लेक वर्गात दुसरी आली. किल्लीवाल्यांच्या पेपरावर बाईंनी लिहिलं होतं : "अक्षर अप्रतिम. म्हणून चुका फार स्पष्ट वाचता आल्या."