सुर्वेभाऊंचा पांडू

सुर्वेभाऊ कॉम्प्युटरला शिव्या मराठीत घालत आणि माफी इंग्रजीत मागत. "शिवी नाय कळली तर बरंच, पण सॉरी कळायला हवं ना त्याला!"

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत. मी फिजिक्स शिकवायचो, भाऊ प्रयोगशाळा सहायक. यंत्र आणलं होतं निकाल तयार करायला. भाऊंनी सोबतचं पुस्तक डिक्शनरी लावून वाचलं आणि माणूस तयार केला. डोकं म्हणजे इंग्रजी 'ओ', हातपाय तिरक्या रेघा; काळ्या पडद्यावर सगळा हिरवागार. नाव पांडू. ते इंग्रजीत टाइप केलं की स्वारी डावीकडून उजवीकडे चालू लागे.

पहिल्यांदा नुसतं डोकंच पुढे गेलं. "अरे मेल्या, डोकं कोल्हापुरात नि धड अजून पालीच्या स्टँडवरच!" भाऊ ओरडले. मग हळूच, "सॉरी हां." पुढे धडही निघालं, पण उजव्या कडेला पोचलं की पांडू गायब. भाऊ वाकून यंत्राच्या मागे बघून आले. त्याला परत फिरवायला त्यांना महिना लागला.

विद्यापीठाची समिती आली तेव्हा प्राचार्यांनी निकालपत्रक दाखवायला सांगितलं. भाऊंची बोटं सवयीनं वळली आणि पांडू निघाला.

"हा काय करतो?" अध्यक्षांनी विचारलं.

"चालतो, साहेब."

"आणि?"

"परत येतो."

अध्यक्षांनी तो चार वेळा चालवून घेतला. चहा गार झाला, निकालपत्रक राहिलंच. समिती गेल्यावर प्राचार्य कडाडले, "तो बाहुला आजच्या आज पुसा!" देखरेखीला मला धाडलं.

भाऊ यंत्रासमोर बसून होते. "पुसतो, सर. एकदा बघा फक्त. साहेबांना पुरता नव्हता दाखवला."

पांडू निघाला. मध्यावर थांबला, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत एकेक करून उमटलं: 'भाऊ, जेवलास काय?'

"हे कशाला?"

भाऊ कळफलकावरची धूळ पुसत राहिले. "बायको गेली, मुलगा मुंबईला. खोलीवर कोण विचारणार? म्हणून दुपारी इथंच डबा उघडतो. याला मी सांगतो, जेवतोय रे."

मी प्राचार्यांना पुसल्याचं सांगून टाकलं. नोकरीतलं माझं ते पहिलं खोटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा डबा घेऊन प्रयोगशाळेत गेलो. भाऊंनी टेबलावरचे तराजू बाजूला सारून जागा केली आणि आपल्या डब्यातली निम्मी सुकटीची चटणी माझ्या झाकणात काढली.