चंद्राबाईंचे नाव म्हशीत

माणूस हा सर्व प्राण्यांत श्रेष्ठ आहे. हा ठराव माणसांच्याच सभेत एकमताने मंजूर झाला असून इतर प्राण्यांना सभेची नोटीस गेली नव्हती.

भोर तालुक्यात अकरा वर्षे जनावरांची डॉक्टरकी केलेल्या मुजफ्फर यांना या ठरावाचा फार जाच झाला. त्यांनी अडलेल्या गाई सोडवल्या, फुगलेल्या म्हशींची पोटे उतरवली. तरी लोकांत ते ‘ढोरांचे डॉक्टर’च. स्थळ आले, की आई गुलजारबी ‘डॉक्टर आहे’ एवढेच सांगून पुढच्या प्रश्नाआधी चहाला उठत. शेवटी १९९९ साली ते पुण्याला मूलपेशींच्या संशोधनात गेले आणि २००५ मध्ये भोर तालुक्यातल्याच भोंगवलीला परतले, ते लंगड्या बैलांचे पाय दुरुस्त करायला.

मूलपेशी म्हणजे काय, हे त्यांनी गावच्या पारावर पाऊण तास समजावले. लंगड्या बैलाचे धनी गेनबा यांनी सारांश काढला, “म्हंजी बियाणं. ज्याचं त्याच्याच रानात पेरायचं.” सहा वर्षांत इतकी नेमकी व्याख्या डॉक्टरांनी ऐकली नव्हती. गेनबांच्याच बैलाच्या हाडातला मगज काढून, पेशी पुण्यात वाढवून, त्याच्याच पायात टोचल्या. तीन महिन्यांत बैल चालू लागला. चौथ्यात त्याने गेनबांना पळवले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे रांग लागली: बैल तीन, माणसे एक्केचाळीस (पैकी लंगडी सतरा, उर्वरित खबरदारी म्हणून). ‘येथे फक्त जनावरांवर उपचार होतात’ अशी पाटी लावली, तरी रांग हलली नाही. लोकांनी केसपेपर तेवढे बदलून मागितले. दुपारपर्यंत वहीत खिल्लार बैल बारा, मुऱ्हा म्हशी नऊ आणि निवृत्त मुख्याध्यापक एक (संकरित) दाखल झाले. ‘शिंगे’ या रकान्यात बहुतेकांनी ‘लहानपणी होती’ असे लिहिले.

मग सत्तरीच्या चंद्राबाई गुडघे धरत टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “माझं नाव म्हशीत घाला.”

“आजी, तुम्ही माणूस आहात.”

“व्हय, पर घरी कुणाला सांगू? म्हस लंगडली, की टेम्पो येतो. माझ्या गुडघ्याला दोन वर्सं सवड न्हाई.”

माणसांना हे टोचायची परवानगी नव्हती. डॉक्टरांनी टोचलेही नाही. त्यांनी चंद्राबाईंच्या घरी निरोप धाडला: ‘तुमचे जनावर लंगडते आहे, ताबडतोब या.’ अर्ध्या तासात दोन्ही मुलगे टेम्पो, दोर व पेंडीसह हजर झाले. डॉक्टरांनी पेंडीच्या पोत्यावर चंद्राबाईंना बसवले आणि टेम्पो भोरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पिटाळला.

वाचक सुज्ञ आहेत. या मुलांना मनसोक्त हसून झाल्यावर वाचकांनी एवढेच सांगावे: आपल्या आईचा कोणता गुडघा दुखतो, उजवा की डावा? (फोन करून विचारल्यास उत्तर बाद धरले जाईल.)