डिअर म्हणणारी

देवानंद दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा न्हाणीचं दार लावलेलं होतं आणि आतून त्याची बायको पुष्पांजली बोलत होती. आवाज इतका लाडिक, की पंचवीस वर्षांच्या संसारात तो त्याच्या वाट्याला आला नव्हता. "आय अ‍ॅम वेटिंग फॉर यू," ती म्हणाली. लागोपाठ चारदा.

त्याला 'वेटिंग' तेवढं कळलं. नांदुऱ्याला रेल्वेचं तिकीट काढताना तो शब्द ऐकलेला. म्हणजे ही कुठंतरी निघाली होती, आणि तिकीट अजून पक्कं झालं नव्हतं.

संग्रामपुरात त्याचं शिलाईचं दुकान. त्या दिवसापासून मापं चुकायला लागली. मोतीराम गुरुजींच्या पँटचा एक पाय आखूड झाला. बायकोच्या पिशवीत वही सापडली, पण ती सगळी इंग्रजीत. कुणाकडून वाचून घ्यायची सोय नव्हती. घरात येणारा इंग्रजी कागद आजवर तोच वाचून दाखवत आला होता, तोही मनानंच रचून.

चौथ्या दिवशी "आय अ‍ॅम गोइंग" ऐकू आलं, तसं त्यानं दार वाजवलं. पुष्पांजली मोबाइल घेऊन बाहेर आली.

"कोनासंगं बोलून राह्यली?"

"कोनासंगंच नाही. इंग्रजी शिकून राह्यली."

"काऊन?"

"तुमाले रोज सकायी एकीचा मेसेज येते. तुमी पाह्यता अन् लगेच पुसून टाकता." तिनं त्याच्या खिशातून फोन काढून आजचा, पुसायचा राहिलेला मेसेज समोर धरला. "हे पाहा, डिअर. म्हंजे प्रिय. पुढं कस्टमर का काय हाय, ते अजून शिकाचं हाय. कोन हाय हे?"

देवानंद कात्रीत सापडला. खरं सांगितलं तर रुबाब जाणार, नाही सांगितलं तर संसार. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "मले इंग्रजी वाचताच येत नाही. म्हनून पुसतो."

पण पुष्पांजलीला आता दुसरीच शंका आली होती.

"मंग माह्यं टॉनिक कसं ओयखता?"

"रंग पाहून. लाल बाटली तुयी, हिरवी बकरीची."

तिनं फळीवरची लाल बाटली काढली. सहा महिने त्यातले दोन-दोन चमचे ती अशक्तपणासाठी घेत होती. एकेक अक्षर जुळवत तिनं वाचलं, "जी, ओ, ए, टी."

आणि वळून तिनं अंगणातल्या बकरीकडे पाहिलं. ती यंदा भलतीच गुटगुटीत झाली होती.