रांग वळणापर्यंत दिसावी

एखादी वस्तू किती थोर आहे हे ती वापरून कळत नसतं. तिच्यासाठी किती माणसं ताटकळली यावरून कळतं. म्हणून नवा स्मार्टफोन बाजारात येतो त्या दिवशी दुकानाबाहेर रांग असणं अत्यावश्यक आहे. (दुकानात फोन असणं त्याखालोखाल.)

चौकातल्या मोबाइलच्या दुकानाच्या मॅनेजरांना सकाळपासून घाम फुटला होता. गर्दीत पन्नास टक्के घट! गेल्या खेपेला दोघं आले होते. आज एकच आला, आणि तोही शेजारच्या दवाखान्याची वेळ विचारून गेला. फोनमध्ये काही कमी होतं म्हणावं, तर तसंही नाही. जुन्याचे कोपरे गोल होते, याचे चांगलेच गोल होते. विज्ञानाने आणखी किती करायचं?

हेड ऑफिसचा आदेश स्पष्ट होता: शटर उघडण्यापूर्वी रांगेचा फोटो पाठवावा. रांग वळणापर्यंत दिसावी. न दिसल्यास दुकान बंद.

मॅनेजरांनी घरी फोन लावला. बायको, मेहुणी, मावशी, सासरे, सगळे हातातलं टाकून आले आणि रांगेत उभे राहिले.

"अरे, उत्सुक म्हणजे तोंड नेमकं कसं करायचं?" मावशी.

"सेलच्या दिवशी करतेस तसं."

"जावईबापू, एखादी खुर्ची?"

"बाबा, रांगेत खुर्ची नसते."

"मग माणसं कशाला येतील?" सासरे म्हणाले. (हेड ऑफिसच्या जाडजूड अहवालात हे निरीक्षण आढळत नाही.)

तेवढ्यात रस्त्यावरची माणसं आपणहून मागे उभी राहू लागली.

"कशाची रांग हो?"

"काय की! पण एवढे लोक उगाच उभे राहतील का?"

रांग वळणापर्यंत गेली, फोटो निघाला, शटर वर गेलं. आत फोन आहे कळताच परक्या मंडळींनी आपापले फोन काढले, रांगेचे फोटो घेतले आणि ती पांगली.

'तुफान गर्दी!' म्हणून ते फोटो घरोघर पोचले. एवढ्या गर्दीत कोण तडफडणार, म्हणून लोकांनी घरबसल्याच फोन मागवले. दुकानात एकही खपला नाही. हेड ऑफिसने तत्परतेने निष्कर्ष काढला: रांग उत्कृष्ट, दुकान अनावश्यक. दुकान बंद झालं. मॅनेजर आता सहकुटुंब गावोगावी रांग लावतात आणि मावशीच्या चेहऱ्याला विशेष मागणी आहे.

असल्या फोटोंना भुलतं तरी कोण, असं तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. फक्त तुमच्या आधीच्या फोनला काय झालं होतं, तेवढं सांगा.