थोरल्या बाई, धाकट्या बाई

पेशकारांच्या घरात सरळ कोणी शिरत नसे. दार वीतभर उघडायचं, फटीत आधी आपला पाय घालायचा, मग अंग चोरून आत सरकायचं आणि पाठीनं दार लावायचं. आतून पेशकार ओरडत असत, "तिरपे या, तिरपे!" एकदा खुद्द मुन्सफसाहेब आले. अदालतीत खटल्यांचे कागद पुढे करताना पेशकार त्यांच्यापुढे कमरेत वाकत. त्या दिवशी मुन्सफसाहेब पोट आत ओढून फटीतून आले आणि त्यांच्या शेरवानीचं एक बटण उंबऱ्यावर राहिलं.

एवढा बंदोबस्त थोरल्या बाई आणि धाकट्या बाई रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून होता. या दोन इराणी मांजरी. कुणा हाकिमाची हैदराबादला बदली झाली, तेव्हा जाताना तो ही पिल्लं पेशकारांच्या पदरात टाकून गेला. त्यांची एवढी मोठी जनावरं झाली, की थोरल्या बाई खिडकीत बसल्या म्हणजे खोलीत अंधार होई. केस बोटभर लांब, चेहरा कायम नाराज.

पेशकारांना जाऊन महिना झाला. मी मराठीचा मास्तर, त्यांच्याकडे सात वर्षं भाड्यानं राहिलो. त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून रोज बसतो आणि रोज दीड ओळ होते.

राहायला आलो त्या दिवशीच त्यांनी माझी झडती घेतली. माझी पुस्तकं जुनी, सुटलेली पानं मीच शिवतो. सुई-दोऱ्याची डबी पाहून पेशकारांचा चेहरा उतरला. "मास्तर, दोरा यांच्या पोटात गेला तर आतडं कापतो. डबी कुलपात." मी म्हटलं, फक्त रविवारी काढीन. "दरख्वास्त नामंजूर." उर्दूत फैसले वाचून वाचून त्यांची जीभ तशी झाली होती. धाकट्या बाईंनी दुसऱ्यांदा दूध मागितलं तरी नामंजूरच. फक्त तिथं हुकूम घटकाभरात फिरे.

रोज सकाळी अर्धा तास विंचरणं चाले. आधी पाठ, मग काख, मग शेपूट. गुंता असला तर ओढायचा नाही, बोटांनी सोडवायचा. उन्हाळ्यात बाईंसाठी वाळ्याचा पडदा भिजवला जाई. मला उकडतं असं मी एकदा सुचवलं. पेशकारांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या अंगावर केस कुठं आहेत?"

एकच गोष्ट ते लपवून करत. दूधभातावर हे जनावर जगत नाही, असं हाकिमाच्या खानसाम्यानं त्यांना बजावलं होतं. म्हणून हा सोवळ्यात जेवणारा माणूस दर दोन दिवसांनी खटल्यांच्या मिसलींच्या बस्त्यात पावशेर मटण बांधून आणी. दुकानात ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत. करीमभाई कसाई हसत, "पंडितजी, बिल्ली के वास्ते है, मेरेकू मालूम. दीवारकू काहेकू मुँह दिखाते?" घरी आल्यावर परसात वेगळी शेगडी, वेगळं भांडं आणि नंतर डोक्यावरून दोन घागरी पाणी.

करीमभाई सोडले तर हे फक्त मला ठाऊक होतं. बभ्रा व्हायला मला ठाऊक असणं पुरेसं होतं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

औरंगपुऱ्यात न्हाव्याकडे बसलो होतो. चार माणसं होती, आणि चार माणसं ऐकताहेत म्हटल्यावर मला चेव येतो. म्हणालो, "आमचे पेशकार बस्त्यातून मटण आणतात." आणि तिथं थांबलो. पुस्तकांतले लोक असं थांबतात, त्यानं रंगत वाढते. न्हाव्याचा वस्तरा थांबला. "काय सांगता मास्तर! खरं व्हय?" मग मी "मांजरांसाठी हो!" असं म्हणून एकटाच हसलो.

दोन दिवसांनी पेशकारांचे धाकटे भाऊ विष्णुपंत आले. तिरपे न होता आले. त्यांच्या मुलीचं, कमलचं, आठ दिवसांवर लग्न होतं. पेशकारांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेलेली. कमलला अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली होती.

"दादा, व्याही विचारतायत. ही जनावरं आजच्या आज कुणाला देऊन टाक, प्रायश्चित्त घे अन् मांडवात ये. नाहीतर तुझं पान मांडता येणार नाही."

पेशकार धाकट्या बाईंच्या मानेतला गुंता सोडवत होते. हात थांबला नाही.

"कमलला सांगितलंस?"

"ती रडतीय. आता तूच ठरव."

गुंता सुटला. मग ते हळू म्हणाले, "नामंजूर."

हा हुकूम फिरला नाही.

मला मात्र आमंत्रण होतं. मी गेलो. नको म्हणायला धैर्य लागतं, आणि मांडव दोनच गल्ल्यांपलीकडे होता. मंगलाष्टकं चालू असताना मी पहिल्या पंगतीत जागा मिळावी म्हणून मागच्या दाराशी उभा होतो. जिलबी तीनदा घेतली. तिसऱ्यांदा आग्रहही नव्हता.

परत आलो तर पेशकार ओसरीवर बसलेले. ठेवणीतली शेरवानी, डोक्याला नवा रुमाल, कपाळावर गंध. भोवती जमिनीवर कुंकवात रंगवलेले तांदूळ. थोरल्या बाई मांडीवर, अंगभर लाल दाणे अडकलेले, आणि पेशकार एकेक वेचून काढत होते.

"वाजंत्री इथं ऐकू येते," ते म्हणाले. मग विचारलं, "अंतरपाट निघाला तेव्हा पोरगी कशी दिसत होती?"

"मी पाहिलं नाही. पंगतीसाठी मागं उभा होतो."

त्यांनी मान हलवली. "बरं. मग जिलबी कशी होती ते सांगा."

म्हणालो, "पेशकार, न्हाव्याकडे मटणाचं मीच बोललो."

"ठाऊक आहे. त्यानं माझीही दाढी केली." त्यांनी थोरल्या बाईंचं डोकं माझ्याकडे वळवलं. "हा कान धरा जरा. हळू. आत दाणा गेलाय."

इतक्या वर्षांत त्यांनी मला बाईंना हात लावू दिला नव्हता. मी कान धरला. थोरल्या बाई हलल्या नाहीत.

दाणा निघाला. पेशकारांनी तो चिमटीत धरला, भावाच्या घराकडे तोंड केलं आणि हात उंच करून टाकला.

"हा एक राहिला होता," ते म्हणाले.