नुकसान जुने आहे

बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा जुनेसाहेबांना पहिली काळजी वाटली ती गाडीची. मग फर्निचरची, मग आईच्या गुडघ्यांची, आणि काळजी करायला अजून थोडा वेळ उरला म्हणून बायकोच्या नोकरीची.

'जुनेसाहेब' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत ते बावीस वर्षं अपघातातल्या मोटारींची पाहणी करत होते. कुणाच्या गाडीला ट्रकने ठोकलेलं असो की कुणाच्या टपावर झाड पडलेलं असो, जुनेसाहेब जायचे, खिशातून स्टीलचा टेप काढायचे, खड्डा लांबीरुंदीने मोजायचे आणि अर्जावर लिहायचे, 'नुकसान जुने आहे.' एकदा तर झाड अजून टपावरच होतं, तरी त्यांनी हेच लिहिलं. मालक बिचारा झाडाकडे बोट दाखवत राहिला. साहेब म्हणाले, "झाडसुद्धा बरंच जुनं दिसतंय." कंपनी त्यांच्यावर इतकी खूश होती की पाहणीची नियमावली तिने त्यांच्याकडूनच लिहून घेतली, आणि आता चौदाशे किलोमीटरवरच्या शाखेचं प्रमुखपद दिलं होतं.

त्यांची स्वतःची गाडी छोटीशी, मोतिया रंगाची. वय वर्षं नऊ आणि अंगावर ओरखडा एकही नाही, कारण ती रस्त्यावर कमी आणि फडक्याखाली जास्त असायची. बायकोचं लायसन्स साहेबांच्या लायसन्सपेक्षा चार वर्षं आधीचं. लग्नापूर्वी ती वडिलांची जीप चालवायची, तीही घाटातून. पण या गाडीच्या स्टिअरिंगला नऊ वर्षांत तिचा हात लागला तो धूळ पुसण्यापुरता.

"तिथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये मला घेतलंय," तिने सांगितलं. "सकाळी सहाची पाळी. त्या वेळेला बस नाही की रिक्षा नाही. गाडी मी नेणार."

"बघू," साहेब म्हणाले. त्यांच्या घरात 'बघू'चा अर्थ लहानथोरांना ठाऊक होता.

"बघू नाही. आपण पोचल्यानंतरच्या मंगळवारी सहाच्या ठोक्याला हजर व्हायचंय. नाही झाले तर दुसरीला घेतील, तसं स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

"अगं, पण एक ओरखडा नाहीये तिच्यावर! तुझ्या हातात दिली आणि पडला म्हणजे?"

"मग एक करू या ना. इथून तिथवर मीच चालवत नेते. दोन दिवस लागतील. तुम्ही शेजारी बसा आणि ओरखडे मोजा."

"चौदाशे किलोमीटर? रस्त्यात खडे उडतात, कळतं का तुला? गाडी ट्रेलरवरूनच जाईल. आणि तिथे सुखरूप पोचली, की मग तुझं बघू."

पुन्हा 'बघू' आलं, म्हणून बायको उठून भांडी गुंडाळायला गेली.

वाहतूकवाले गाडीचं काय करतात हे जुनेसाहेबांना माहीत नसेल तर कुणाला असणार? त्यांनी गाडी स्वतः बांधायची ठरवलं. आधी फुग्यांचं प्लास्टिक, त्यावर चादरी, त्यावर घरातल्या यच्चयावत रजया, आणि हे सगळं घट्ट बसावं म्हणून जागोजागी खाकी रुंद चिकटपट्टी, तीही थेट पत्र्यावर. एक रजई कमी पडली तेव्हा ते आईच्या खोलीत शिरले.

"अरे, ही माझी आहे," आई म्हणाली.

"चार दिवसांचा प्रश्न आहे, आई. गाडीला थंडीवाऱ्यात जायचंय."

"आणि मी काय उन्हाळ्यात चाललेय?"

पण रजई गेली. सहा तासांनी गाडीचं एक अवाढव्य गाठोडं झालं. फक्त चाकं आणि ड्रायव्हरचं दार तेवढं मोकळं राहिलं. साहेबांनी घाम पुसला, खिसा चाचपला आणि घरात येऊन ओरडले, "माझा टेप कुठाय?"

"मी नाही हात लावला," बायको म्हणाली.

"तूच भांड्यांच्या खोक्यात टाकला असणार. तुला काही भान असतं का बांधाबांध करताना?"

बांधलेली बारा खोकी पुन्हा उघडली. टेप मिळाला नाही. बावीस वर्षांचा सोबती हरवला तो बायकोच्या वेंधळेपणामुळे, अशी साहेबांनी मनात पक्की नोंद केली आणि पुढच्या दोन दिवसांत ती पाच-सहा वेळा बोलूनही दाखवली.

ट्रेलरचा ड्रायव्हर आला, गाठोड्याभोवती एक फेरी मारून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, गाडी उघडी करा. फोटो काढायचेत. कुठे खरवडलंय, कुठे चेपलंय, ते अर्जावर लिहावं लागतं."

"कुठेही खरवडलेलं नाही."

"ते मला दिसायला नको का?"

"सहा तास लागलेत मला बांधायला. उघडणार नाही."

"बरं, राहिलं. पण ही पट्टी पत्र्यावरच चिकटवलीत की काय? उन्हात तापली की रंग घेऊन निघते ती."

साहेब हसले. अर्ज फेटाळताना हसायचे तसंच. "किती वर्षं गाड्या वाहताय?"

"अकरा."

"मी बावीस वर्षं त्यांचं नुकसान बघतोय."

ड्रायव्हरने अर्जावर लिहिलं, 'गाडी झाकलेली. स्तिथी पाहिली नाही.' साहेबांनी त्यातली 'स्थिती' शुद्ध करून दिली आणि खाली झोकात सही ठोकली. मग ड्रायव्हरने गाठोडं ट्रेलरवर चढवलं आणि वरून दोन जाड पट्टे टाकून करकचून आवळले. "अजून थोडं," साहेब खालून म्हणाले. त्याने अजून थोडं आवळलं.

घरची माणसं रेल्वेने गेली. सामानाचा ट्रकही वेळेवर पोचला. गाडीला मात्र वाटेत एक दिवस पावसाने झोडपलं आणि तीन दिवस उन्हाने भाजलं. आई दोन रात्री अंगावर दोन साड्या आणि खिडकीचा पडदा घेऊन झोपली. शनिवारी सकाळी ट्रेलर नव्या घरासमोर उभा राहिला, तेव्हा गाठोड्याला ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता.

गाडी खाली उतरवून ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, कोमट पाणी लावा. पट्टी हळूहळू सोडवा. घाई करू नका." एवढं सांगून पोचपावती घेऊन तो गेला.

साहेबांना कुठला धीर? त्यांनी पहिल्या पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. चर्र असा आवाज झाला. पट्टी हातात आली आणि तिच्या पाठीला चिकटून हातभर लांबीचा मोतिया रंगही आला.

आई म्हणाली, "अगबाई, ही आतून राखाडी आहे होय?"

पहिली पट्टी चुकून तशी निघाली असेल म्हणून साहेबांनी दुसरी ओढली. दुसरीनेही तेच केलं, म्हणून तिसरी. बायकोने कोमट पाण्याची बादली आणेपर्यंत गाडीवर अंगणातल्या फरश्यांसारखे चौकोन उमटले होते. शेवटी त्यांनी टपावरची आईची रजई उचलली. तिच्याखाली, जिथून पट्टा आवळला होता बरोबर तिथे, टपाला एक खोल, चौकोनी खड्डा पडला होता आणि त्या खड्ड्यात, मापाने शिवून घेतल्यासारखा, साहेबांचा स्टीलचा टेप बसला होता.

"सापडला वाटतं," बायको म्हणाली.

साहेबांनी टेप झटकन खिशात घातला. "वाहतूकवाल्यांचा निष्काळजीपणा! मी आत्ताच्या आत्ता आपल्या कंपनीकडे अर्ज करतो."

"अहो, चिकटपट्टी तुम्ही लावलीत."

"लावली मी, पण तापवली त्यांनी."

"आणि टेप?"

"ठेवला मी, पण दाबला कुणी?"

बायकोने बादली खाली ठेवली. "अर्ज करा नाहीतर खटला भरा. मंगळवारी मला गाडी पाहिजे."

"या अवस्थेत? लोक काय म्हणतील? आधी दुरुस्त होऊ दे, मग बघू."

अर्ज गेला. कंपनी त्यांचीच, शाखाही आता त्यांचीच, त्यामुळे रविवारी सकाळीच पाहणी करणारा दारात हजर झाला. तो जुनेसाहेबांचाच शिष्य निघाला. सहा वर्षांपूर्वी प्रशिक्षणात त्यांच्या हाताखाली शिकलेला, बगलेत नियमावली घेऊन आलेला. साहेबांना हायसं वाटलं. त्यांनी त्याला गाडीजवळ नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हे बघ, घरचंच काम आहे. काय ते तू समजून घे."

शिष्याचे डोळे चमकले. "समजलं, साहेब. कालच समजलं! नवे प्रमुख रुजू व्हायच्या आधी स्वतःच खोटा अर्ज टाकून माणसं पारखणार, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगूनसुद्धा ठेवलंय. परीक्षा आहे ना ही?"

साहेबांनी तोंड उघडलं. परीक्षा नाही म्हणावं तर अर्ज खरा ठरतो, आणि अर्ज खरा तर ही सगळी अक्कल त्यांची स्वतःची ठरते. त्यांनी तोंड मिटलं.

शिष्य टपावर वाकला. "सुरेख खड्डा आहे. साहेब, टेप आहे का? माझा ऑफिसात राहिला."

"नाही. हरवला आमचा."

"अरे, हरवला कुठे?" आई आतून म्हणाली. "कालच्या पँटच्या खिशात नाही का तुझ्या? धुवायला टाकताना मला टोचला." आणि टेप घेऊन ती गुडघे सांभाळत बाहेरसुद्धा आली.

शिष्याने टेप हातात घेतला, खड्ड्याकडे पाहिलं, पुन्हा टेपाकडे पाहिलं, आणि तो हलकेच खड्ड्यात ठेवला. टक् असा आवाज होऊन टेप जागेवर बसला. शिष्याने भक्तिभावाने साहेबांकडे पाहिलं. "काय सापळा लावलात! दुसरा कुणी असता तर फसला असता."

"पण रंग तर ताजा निघालाय ना," साहेब केविलवाण्या आवाजात म्हणाले. "बघ, कडा कशा स्वच्छ आहेत."

"नियम सतरा, साहेब. 'ताज्या दिसणाऱ्या कडांवर विश्वास ठेवू नये.' तुमचंच वाक्य. आणि नियम अकरा, 'पाठवणीच्या वेळी वाहनाची स्थिती पाहिलेली नसल्यास सर्व नुकसान जुने समजावे.' या वाहतुकीच्या अर्जावर ड्रायव्हरने चक्क लिहिलंय, पाहिली नाही म्हणून. खाली सही तुमची. आणि 'स्थिती'सुद्धा तुम्हीच शुद्ध केलीत, अक्षर ओळखलं मी."

"पण एखाद्याचं खरंच नुकसान झालं असेल तर?"

शिष्य खळखळून हसला. "हा शेवटचा प्रश्न ना? 'मालकाच्या डोळ्यांकडे नाही, बंपरकडे बघायचं.' पहिल्याच दिवशी शिकवलं होतंत."

आईला नियमावलीतलं काही कळलं नाही, पण एकूण प्रकार कळला. "गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणायची," असं म्हणून ती उन्हात टाकलेली रजई उलटी करायला गेली.

सोमवारी जुनेसाहेब शाखेत रुजू झाले. नव्या टेबलावर पहिलीच फाइल त्यांच्या गाडीची होती. अर्ज नामंजूर करायचा तर त्यावर शेवटचा शेरा आणि सही शाखाप्रमुखाची लागते, असा नियम होता. तोही त्यांनीच लिहिला होता. शिष्य टेबलाशेजारी उभा होता आणि त्याच्यामागे सगळी शाखा, परीक्षेचा निकाल ऐकायला.

साहेबांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. का कोण जाणे, त्यांना झाडवाला मालक आठवला. बिचारा किती वेळ बोट दाखवत होता. त्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, हे बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं. तरी माणसाला अब्रू असते, आणि समोर सगळी शाखा उभी होती. त्यांनी लिहिलं, 'नुकसान जुने आहे.' शाखेने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय झालं अर्जाचं?"

"नामंजूर."

"कुणी केला?"

साहेब बूट काढत राहिले. "मी," ते बुटाकडे बघत म्हणाले.

बायको हसली नाही. तिने चहा पुढे ठेवला, आणि कपाबरोबर आपला उघडा तळहातही. चावीसाठी. साहेब 'बघू' म्हणणार होते, पण त्यांनी चावी दिली.

मंगळवारी सकाळी साडेपाचला चौकोनाचौकोनाची गाडी सुरू झाली. फाटक अरुंद होतं. दोन्ही बाजूंना दगडी खांब. साहेब चपला न घालताच धावत बाहेर आले.

"अगं, सावकाश! डावीकडे बघ! आणि ओरखडा पडला म्हणजे?"

बायकोने काच खाली केली.

"पडला, तर जुना आहे म्हणून लिहा."

आणि एका दमात गाडी मागे घेत, दोन्ही खांबांना चार-चार बोटं जागा सोडून ती बाहेर पडली.