फ्रीजची सर्वसाधारण सभा

फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं तर माणूस मिस्त्रीला बोलावतो. आमचे शेजारी नाना सभा बोलवायचे. सकाळी दारात उभं राहून ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आज सायंकाळी फ्रीजची सर्वसाधारण सभा हाय. विषय एकच, दाराचं रबर. ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीनं." अध्यक्ष तेच, सचिव तेच आणि फ्रीजही त्यांचाच. मग परवानगी कुणी कुणाला द्यायची, हे मला तलवाड्यात इतकी वर्षं काढूनही कळलं नाही.

नाना गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. ओळीनं दुष्काळ पडले, जनावरं चारा छावणीत गेली, काही बाजारात गेली, दूध आटलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. नाना घरी आले, पण सोसायटी त्यांच्या अंगातून काही गेली नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्याआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. घरात उरला तो फ्रीज. गल्लीत तेव्हा तो एकच होता, म्हणून नानांनी त्याचीच सोसायटी करून टाकली.

झाकणाचं भांडं आणील तो सभासद. वरचा कप्पा दुकानदार मल्लूअप्पांच्या लोण्याला, मधला माझ्या दह्याला. मी शाळेत शिकवायची, म्हणून मला गल्लीत सगळे 'बाई' म्हणत. दाराच्या कप्प्यात अंडी ठेवावीत का, यावर एकदा सभा झाली. मल्लूअप्पा लिंगायत, ते तडक उठून निघाले. अंडी नामंजूर झाली आणि त्या खळग्यांत नानांनी लिंबं मांडून ठेवली.

फ्रीज कसा चालतो हे मला नानांनी समजावलं होतं. त्यानंतर मला जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं.

"हे बघा बाई, गॅस म्हणजे भागभांडवल. दिसत न्हाई, पण गेलं की कळतं. थर्मोस्टॅट म्हणजे ऑडिटर. येतो, बघतो, 'थांबा' म्हणतो. कंप्रेसर म्हणजे चेअरमन. लई आवाज करतो. आन् रिले म्हणजे त्याला ढकलून खुर्चीवर बसवणारा कार्यकर्ता. चेअरमन एकदा बसला, की रिलेचं काम संपलं."

"आणि मग आपण कोण?" मी विचारलं.

"आपण दही."

सभेत नाना ठराव मांडायचे तेव्हा एक गंमत व्हायची. "सूचक मी स्वतः. अनुमोदक..." एवढं म्हणून ते थांबायचे. आम्ही चांगले समोर सतरंजीवर बसलेलो असायचो, पण ते बघायचे स्वयंपाकघराच्या दाराकडं. तिथं कुणी नसायचं. जरा वेळ तसंच बघून मग "मंजूर" म्हणायचे. एकदा मल्लूअप्पांनी भलेपणानं हात वर केला, तर नाना घाईनं म्हणाले, "तुमी नका." अप्पांना राग आला. मीही मुद्दाम डिवचलं, "नाना, अनुमोदकाशिवायचा ठराव बेकायदा असतो." ते नुसते हसले.

पण सगळ्यात मोठा घोळ होता वरच्या बर्फाच्या खणाचा. तो राखीव होता. त्यात एक स्टीलचा डबा होता आणि त्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. डब्यात काय आहे विचारलं की नाना म्हणायचे, "त्यातलं वितळायचं न्हाई, एवढं बघा. बाकी सगळं नासलं तरी चालंल." म्हणजे माझं दही नासलं तरी चालेल. मला हे अजिबात पटलं नव्हतं.

आणि दही नासतच होतं. त्या खणात बर्फ साचून साचून पांढरी भिंत झाली होती. डबा त्यात गळ्यापर्यंत रुतला होता आणि खाली गारवा म्हणून उतरत नव्हता. चकलांब्याहून हुसेन मिस्त्री आला. त्यानं दार उघडलं आणि लगेच निदान केलं, "नाना, फ्रीज बंद करा, बर्फ उतरू द्या. दुसरं काही न्हाई."

"बर्फाला हात लावू नको बे. दुसरं काय ते सांग."

"दुसरं काहीच न्हाई म्हणतोय मी."

"मग रबर बघ."

रबर बघितलं. दारात लग्नपत्रिका धरून दार लावायचं आणि पत्रिका ओढायची. सहज निघाली तर रबर गेलं. नाना गावातल्या सगळ्या लग्नपत्रिका याच कामासाठी जपून ठेवायचे. पत्रिका निघेना, तरी रबर बदललं. मग थर्मोस्टॅट बदलला. मागची जाळी घासली. फ्रीज भिंतीपासून पुढं ओढला, मग तिरका केला, मग त्याच्या पायाखाली फरशीचे तुकडे घातले. हुसेन दरवेळी म्हणायचा, "बर्फ काढा," आणि नाना दरवेळी म्हणायचे, "तो विषय तहकूब." हुसेन शेवटी माझ्यापाशी येऊन विचारायला लागला, "बाई, नानांचं डोकं ठिकाणावर हाय ना?" मी काय सांगणार? मला तर माझंच ठिकाणावर आहे का, अशी शंका यायला लागली होती.

अशात भर उन्हाळ्यात फ्रीज कायमचा गप्प झाला. हुसेननं मागं डोकं घातलं आणि सांगितलं, रिले जळाला. हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, गेवराईत मिळणार नाही, बीडमध्येही नाही. नवा फ्रीज घ्या.

"एक संस्था बंद पडलेली बघितली मी," नाना म्हणाले. "ही न्हाई बंद पडू देणार."

मग त्यांना आठवलं, मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर असलाच फ्रीज आहे. कधीचा मेलेला, ढाबेवाला त्यात ताटल्या ठेवतो. पण त्याचा रिले शाबूत असणार. नानांनी पिशवी घेतली आणि मग ते घुटमळले. फ्रीज बंद पडल्यानं बर्फाची भिंत सुटली होती, डबा मोकळा झाला होता. त्यांनी तो गोणपाटात गुंडाळला, भोवती भुसा भरला आणि माझ्या दारात आले.

"बाई, माझं घर पत्र्याचं. तुमचं माळवदाचं, गारवा टिकंल. मी येईस्तोवर सांभाळा. उघडू नका."

इतक्या दिवसांत नानांनी मला काही मागितलेलं नव्हतं. मी डबा आतल्या खोलीत, रांजणाच्या सावलीला ठेवला आणि शाळेला सुट्टी असल्याचा पश्चात्ताप करत बसले. दुपारी हलवून बघितला तेव्हा आतून ठक् ठक् आवाज आला. जरा वेळानं बघितला तर नुसता खळखळला. ओला गोणपाट टाकला, पंख्यासमोर धरला, तर लाईट गेली. काय वितळत होतं ते मला माहीत नव्हतं, आणि तरी माझ्या हातून काहीतरी मोठं नुकसान होतंय असं वाटून मी रडायच्या बेताला आले.

दिवे लागायच्या सुमारास नाना आले. कपडे धुळीनं माखलेले आणि मुठीत तो एवढासा रिले. हुसेन बरोबर होताच. मी डबा पुढं केला. "नाना, पाणी झालं हो."

त्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला. "सांडलं तर न्हाई?"

"थेंब नाही."

"मग झालं की."

हुसेन रिले बसवायला मागं गेला आणि नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले. त्यांनी आपणहून झाकण काढलं. आत साधं पाणी होतं.

"गारा हायत," नाना म्हणाले. "म्हंजे होत्या. फ्रीज नवाच आणला होता आन् गारपीट झाली. पत्रे फुटतील म्हणून मी आतून वरडतोय, आन् ही डोक्यावर परात धरून अंगणात गारा येचतीय. हसत हसत. म्हणली, 'आपल्या फ्रीजातला पयला बर्फ देवानं धाडला. उन्हाळ्यात लिंबाचं सरबत करू याचं.' उन्हाळा लागायच्या आत गेली. सरबत राहिलं."

मी भलतंच विचारून बसले. "पण नाना, लाईट तर रोज जाते. हे आधीही वितळलं असेल."

"लई येळा. गारा पयल्याच उन्हाळ्यात गेल्या, बाई. पाणी तेवढं तेच हाय."

"मग तो बर्फ काढायला का नको म्हणत होता?"

"लाईट गेली तर माझा इलाज न्हाई. पण आपल्या हातानं बटन बंद करून कसं वितळवू?"

मागून हुसेननं हाक दिली. चेअरमन एकदा घुरघुरला, थरथरला आणि खुर्चीवर बसला. नानांनी डबा रिकाम्या, स्वच्छ खणात ठेवला. मग सवयीनं ताठ उभे राहिले. सभेला आम्ही दोघंच, मी आणि हुसेन.

"ठराव. वरचा खण राखीव होता, तो राखीवच राहील. सूचक मी स्वतः. अनुमोदक..."

आणि ते थांबले. मग मान न वळवताच म्हणाले, "ती आतून म्हणायची. ठराव काय हाय ते ऐकायची बी न्हाई. हात पिठात, पण 'अनुमोदन' म्हणायची."

मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, काकूंच्या चुलीपाशी उभी होते. कशी तिथं गेले ते माझं मला माहीत नाही.

"अनुमोदन," मी आतून म्हणाले.

नाना फ्रीजकडंच तोंड करून उभे राहिले. त्यांनी खणाचं झाकण लावलं, दार लावलं आणि उगीचच त्यावरून हात फिरवला. मग "मंजूर" म्हणाले, पण इतकं हळू, की ते गल्लीत कुणालाच ऐकू गेलं नसेल.